शंभर मोजेपर्यंत

शाळा सुरू व्हायला आठ दिवस होते आणि खाणीत दिवसातून दोनदा सुरुंग उडत होते. एरवी दुपारी एकदाच उडायचे. पण मोठ्या रस्त्याचं काम निघालं होतं, रस्त्याला खडी हवी होती, आणि पाऊस लागून खाणीत पाणी भरायच्या आत माल वर निघाला नाही तर पुढच्या हंगामाला तोंड दाखवू नका, असं मुकादमाने सगळ्यांना बजावलं होतं. नेमकी हीच वेळ साधून मुंगीच्या आईने अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली.

"कशाला?" मुकादम म्हणाला.

"पालकसभा आहे. पोरगी पहिलीत जाणार."

"शाळेत पोरगी जाणार आणि सभेला तू. उद्या परीक्षासुद्धा तूच देशील."

"द्यावी लागली तर देईन."

आजूबाजूच्या बाया तोंडावर फडकं धरून हसल्या. मुकादमालाही हसू आलं, म्हणून सुट्टी मिळाली. रागावला असता तर मिळाली नसती.

मुंगीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर काय ते होतं. खाणीत तिला मुंगीच म्हणत, कारण ती कुठेही मावायची आणि अंगापेक्षा मोठा दगड उचलायला जायची. बाप ड्रिलवर. दिवसभर मशीन धरून त्याचे हात असे झाले होते की घरी पाण्याचा पेला धरला तरी त्यात लाटा उठायच्या. आई खडी फोडायची. डाव्या हाताच्या बोटांत सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबरी कडं, त्यात दगड धरायचा आणि उजव्या हाताने हातोडी. बारा वर्षं तेच चाललं होतं. पोरीने ते करू नये एवढीच तिची इच्छा, आणि ती इच्छा तिने कोणाला बोलून दाखवली नव्हती. खाणीत असल्या गोष्टी बोलल्या की लोक टपून बसतात.

सभेत पालकांना पोरांच्याच बाकांवर बसवलं होतं. मुंगीच्या आईचे गुडघे हनुवटीला लागत होते. अंघोळ करून गेली होती, तरी नखांतली पांढरी भुकटी निघाली नव्हती, म्हणून तिने मुठी मिटून ठेवल्या. शेजारी बाजारातल्या दुकानदाराची बायको बसली होती. तिने आपली पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. वाईट काही बोलली नाही, नुसती पिशवी हलवली.

पहिलीच्या बाई तरुण होत्या, आवाज गोड होता. गळ्यात लाल दोरी होती आणि दोरीला काहीतरी चकाकत होतं. कपाटाची किल्ली असेल, असं मुंगीच्या आईला वाटलं.

बाई सांगत होत्या. मुलाला डबा आपला आपण उघडता आला पाहिजे. बटणं लावता आली पाहिजेत. लघवीला जायचंय हे अनोळखी माणसाला सांगता आलं पाहिजे. आठ दिवस आधीपासून लवकर झोपवा, लवकर उठवा. पहिल्या दिवशी मूल रडेल, तरी गुपचूप पळून जाऊ नका. सांगून जा, हसून जा, आणि निरोप लांबवत बसू नका. जी वेळ सांगाल त्या वेळेला हजर राहा, नाहीतर मुलाचा तुमच्यावरचा विश्वास उडतो. घरी आल्यावर काय शिकलीस असं विचारू नका, कोणाबरोबर खेळलीस असं विचारा.

मुंगीच्या आईला लिहिता येत नव्हतं. तिने एकेक वाक्य मनात घोकून ठेवलं. शेवटी बाई एकेकाचा फॉर्म भरून घेऊ लागल्या.

"मुलीला काय काय येतं?"

"आकडे येतात. शंभरपर्यंत."

"शंभरपर्यंत?" बाईंनी मान वर केली. "कोणी शिकवले?"

"मीच."

"वा. मोठ्या घरच्या मुलांना येत नाहीत हो." दुकानदाराच्या बायकोने हे ऐकलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. मुंगीच्या आईच्या मुठी जरा सैल झाल्या.

"मुलीला कशाची भीती वाटते? काळोख, कुत्री, मोठा आवाज?"

मुंगीची आई हसली. "मोठा आवाज? बाई, आमचं अख्खं आयुष्य आवाजात गेलं. आमची पोरगी कशालाच घाबरत नाही."

बाईंनी लिहिलं, कशालाच नाही.

त्यात खोटं काही नव्हतं. मुंगी घाबरत नव्हतीच. घाबरू नये म्हणून तर आईने तिला तयार केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी खाणीत एक गोष्ट घडली होती. सुरुंग लावणारे काका उडवायच्या आधी एक लांब शिट्टी द्यायचे. शिट्टीनंतर शंभर मोजेपर्यंत वेळ असायचा, तेवढ्यात सगळ्यांनी आडोसा गाठायचा. उडून झालं, सगळे सुरुंग मोजून झाले, की काका रेल्वेच्या रुळाच्या टांगलेल्या तुकड्यावर घणाने तीन ठोके द्यायचे, जरा थांबून पुन्हा तीन. म्हणजे मोकळं. त्या दिवशी एक सुरुंग मागे राहिला होता. काकांनी रूळ वाजवला नव्हता. पण शेजारच्या झोपडीतल्या बाईला वाटलं, झालं, आणि तिने आपल्या पोरीला हाक मारली. पोरगी आईच्या हाकेसरशी धावत बाहेर आली. मुंगीच्याच वयाची होती. ती बाई नंतर खाण सोडून गेली, पण तिची ती हाक मुंगीच्या आईच्या कानातून काही गेली नाही.

म्हणून तिने बाजारातून एक शिट्टी आणली आणि चार वर्षांच्या पोरीला धडे सुरू केले. शिट्टी झाली की हातातलं टाकायचं आणि पळायचं. डोक्यावर लोखंड पाहिजे. डंपरखाली, लोखंडी टाकीत, जिथे मिळेल तिथे. कान झाकायचे, तोंड उघडं ठेवायचं, आणि मनात शंभर मोजायचे. कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बापाने मारली तरी नाही. मी मारली तरी नाही. रूळ वाजला की बाहेर. आणि जवळ आपल्याहून लहान कोणी असेल तर त्याला सोडून जायचं नाही.

आधी मुंगीला तो खेळ वाटला. आईने तो खेळ राहू दिला नाही. जेवताना शिट्टी वाजवली, अर्धवट झोपेत वाजवली. उशीर झाला की पाठीत धपाटा, वेळेत गेली की गोळी. नंतर मुद्दाम गोड आवाजात हाका मारून बघितल्या. एकदा मुंगी त्या हाकेला फसून बाहेर आली. त्या दिवशी आईने तिला इतकं मारलं की बापाला मध्ये पडावं लागलं. त्यानंतर मुंगी कधी फसली नाही. शिट्टी झाली की पोरगी कुठे जाते ते बायांना दिसायचंसुद्धा नाही. "हिची पोरगी म्हणजे उंदीर आहे," असं त्या म्हणायच्या, आणि मुंगीच्या आईला त्याचा अभिमान वाटायचा.

आता आठ दिवस दुसरे धडे चालले. खडीच्या ढिगावर डबा उघडण्याचा सराव झाला. झाकण घट्ट होतं, मुंगीने दातांनी उघडलं, आईने पुन्हा बंद करून दिलं. "दात नाहीत वापरायचे. बाई हसतील." बटणं झाली. संध्याकाळी बाप थरथरत्या हातांनी डोक्याला फडकं गुंडाळून बाई व्हायचा आणि मुंगी त्याच्यासमोर उभी राहायची.

"बाई, लघवीला जाऊ?"

"जा. पण फळा पुसून जा."

"बाबा, नीट बाई व्हा ना."

एक दिवस त्याने विचारलं, "बाई काही सांगतील ते ऐकशील ना?"

"हो."

"सगळं?"

"सगळं," मुंगी म्हणाली. आईने तिला तसंच शिकवलं होतं. बाई सांगतील ती पूर्व दिशा.

शाळेच्या पहिल्या दिवशी दारात इतर पोरांनी रडून आकांत मांडला होता. दुकानदाराची मुलगी फ्रॉकला रिबिनी लावून आली होती, नीटनेटकी, मुंगीहूनही लहानखुरी, सगळे तिला बाहुली म्हणत. ती आईच्या पायाला मिठी मारून बसली होती आणि दुकानदारीण तिची बोटं एकेक करून सोडवत होती. मुंगी रडली नाही. आईने गुडघ्यावर बसून सांगितलं, "संध्याकाळी शाळा सुटली की मी इथे उभी असेन," आणि हसून, मागे न बघता निघाली. कोपऱ्यावर गेल्यावर तिने डोळे पुसले. तिथपर्यंत सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे झालं होतं.

उन्हं चांगली चढली होती तेव्हा शाळेचा शिपाई सायकल रेटत खाणीत आला. मुंगीची आई हातातला दगड फोडत होती. शिपाई आधी मुकादमाशी बोलला, मुकादमाने हातानेच तिच्याकडे दाखवलं. तिला वाटलं, डबा विसरला असेल.

"ताई, चला जरा," शिपाई म्हणाला. "पोरगी सापडत नाहीये."

"कोणाची?"

"तुमची. आणि दुकानदाराची."

तिने ते ऐकलं, आणि हातातला दगड कड्यातून काढून नीट बाजूला ठेवला. तेवढंच नीट केलेलं तिला आठवतं. मग ती सायकलच्या मागे बसली. वाटेत शिपाई सांगत होता, दीड तास झाला, विहिरीत गळ टाकून बघितला, मागच्या झाडीत बघितलं, बाजारात माणसं पाठवली. विहिरीचं नाव काढल्यावर तिला पुढचं ऐकू आलं नाही. शाळेशी उतरली तेव्हा हातोडी तिच्या हातातच होती.

पटांगणात माणसंच माणसं. दुकानदारीण पायरीवर बसली होती, केस सुटलेले, दोन बाया तिला वारा घालत होत्या. मुंगीच्या आईला बघून ती उठली, आणि हातातली हातोडी बघून दोन पावलं मागे सरली.

"हिचीच," ती म्हणाली. "हिचीच कार्टी माझ्या पोरीला घेऊन गेली. दोघींना हात धरून पळताना पोरांनी पाहिलंय. खाणीतली पोरं घेऊ नका म्हणत होते मी. कुठे नेलं असेल तिने? कुठे विकलंत माझ्या पोरीला?"

कोणी तिला गप्प केलं नाही. मुंगीच्या आईला राग आला नाही. तिला एवढंच कळलं की मुंगी पळाली होती. पडली नव्हती, कोणी नेली नव्हती, तर पळाली होती.

"मुंगे," तिने हाक मारली. "मुंगे, मी आले गं. आई आलीय."

पटांगण शांत झालं. काहीच उत्तर आलं नाही. ती शाळेभोवती हाका मारत एक फेरी मारून आली. पोरगी जिवंत असेल तर आईच्या हाकेला ओ देणार नाही असं होईल का, हे सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं तिला वाचता येत होतं. बाई भिंतीला टेकून रडत होत्या. हेडमास्तर म्हणाले, "पुन्हा एकदा बोलावून बघू," आणि बाईंनी गळ्यातली लाल दोरी वर ओढली, दोरीला चकाकणारी ती वस्तू ओठाला लावली आणि जोरात वाजवली.

एक लांब शिट्टी.

मुंगीच्या आईचे गुडघे आपसूक वाकले. डोकं खाली गेलं, हात कानांवर गेले, हातोडी कपाळाला लागली. क्षणभर सगळे तिच्याकडे बघत राहिले. कोणी बाजूला हसलंसुद्धा. ती तशीच वाकलेली राहिली, आणि वाकल्या वाकल्या तिला सगळं कळलं.

"ही कधी वाजवली होती?" तिने विचारलं.

"मधल्या सुट्टीनंतर," बाई म्हणाल्या. "रांग करायला. आणि नंतर शोधताना... सारखीच वाजवतोय. ऐकून येतील म्हणून."

"किती वेळा?"

बाईंनी मोजल्या नव्हत्या. दीड तास चौघंजण शिट्ट्या वाजवत हिंडत होते. दर शिट्टीला मुंगीने नव्याने शंभर मोजले असतील.

"आता कोणी वाजवू नका," मुंगीची आई म्हणाली. "लोखंड कुठे आहे इथे? वरून लोखंड असेल असं काही."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. शिपाई म्हणाला, "जुनी पाण्याची टाकी पडलीय संडासामागे. पण तिचं तोंड भिंतीकडे आहे. माणूस जात नाही आत."

ती धावली नाही. धावत जाऊन त्या टाकीत हात घातला तरी पोरगी आणखी आत सरकेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पटांगणाच्या मधोमध झेंड्याचा लोखंडी खांब होता. ती त्याच्याजवळ गेली आणि हातोडीने तीन ठोके दिले. थांबली. पुन्हा तीन दिले. खांब थरथरत वाजला.

संडासामागून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. मग भिंत आणि टाकी यांच्या फटीतून आधी मुंगीचे पाय आले, मग मुंगी आली, आणि मागोमाग तिने ओढून बाहुलीला काढलं. टाकी उन्हात तापली होती. दोघींचे चेहरे लालबुंद झाले होते, कपडे घामाने अंगाला चिकटले होते, रिबिनी गंजाने तांबड्या झाल्या होत्या. बाहुलीचे हात अजून कानांवर होते आणि तोंड आ वासलेलं होतं.

"मिटलं तरी चालेल आता," मुंगीने तिला सांगितलं. मग आईकडे बघून म्हणाली, "आई, इथे किती शिट्ट्या मारतात. आणि उडत काहीच नाही."

दुकानदारिणीने झडप घालून पोरीला कवटाळलं. बाहुली तिच्या खांद्यावरून मुंगीकडे बघत होती. "मला शंभर येतात आता," ती आईला म्हणाली. दुकानदारिणीने मुंगीच्या आईकडे एकदा पाहिलं, पण जे बोलून गेली होती ते परत कसं घ्यायचं ते तिला सुचलं नसावं. पोरीला घेऊन ती घरी गेली.

मुंगीला पाणी पाजलं, डोक्यावर ओतलं. मुंगीच्या आईने बाईंना आणि हेडमास्तरांना सगळं सांगितलं. शिट्टी, शंभर, लोखंड, ओ न देणं. ऐकताना बाईंचा चेहरा पांढरा पडत गेला. हेडमास्तर कपाळाला हात लावून बसले.

"अहो, मग फॉर्मवर हे सांगायला काय झालं होतं?" ते म्हणाले. "विहिरीत माणूस उतरवला होता आम्ही."

काय झालं होतं, ते तिला सांगता येईना. तिथे भीती विचारली होती. शिट्टी ही तिच्या लेखी भीती नव्हती, शिस्त होती. पण हे बोलायला तोंड कुठे होतं? अख्ख्या शाळेला तिच्यामुळे घोर लागला होता. पोरीचं नाव आता कापतात की काय, एवढंच तिच्या मनात होतं.

"चुकलं," ती म्हणाली. "अडाणी आहोत आम्ही. काहीबाही शिकवून ठेवलं. पण नाव नका काढू तिचं."

"नाव कशाला काढू," बाई एकदम म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. "आज हिला घरी नेऊ नका. घाबरलेलं मूल त्याच पावली घरी गेलं की दुसऱ्या दिवशी येत नाही. मी तिची ही भीती काढते. आजच काढते. चालेल ना?"

"काढा, बाई." मुंगीच्या आईने हात जोडले. "तुम्ही सांगाल तसं. मुंगे, बाईंचं ऐकायचं. आईने काय शिकवलंय ते सगळं विसरायचं."

हे वाक्य तिच्या तोंडून गेलं, आणि जाताना तिला ते जडही वाटलं नाही. लाजेने माणूस काहीही बोलतो.

खाणीत परत आली तेव्हा मुकादमाने घड्याळ दाखवलं. दुपारचा सुरुंग होऊन गेला होता. संध्याकाळचा व्हायच्या आत तिचा ढीग भरला पाहिजे होता. शाळा सुटायच्या वेळी तिने हातोडी खाली ठेवली, तर मुकादम म्हणाला, "दोनदा गेलीस आज. तिसऱ्यांदा गेलीस तर उद्या येऊ नकोस." बाप वरच्या टप्प्यावर ड्रिलला होता, त्याला सोडण्याचा प्रश्नच नव्हता. शाळा सुटली की मी इथे उभी असेन, असं तिने सांगितलं होतं. तिला बाईंचं ते वाक्य आठवलं, विश्वास उडतो ते. खालमानेने ती दगड फोडत राहिली. एकदोनदा हातोडी बोटावर बसली. मुंगीला रस्ता ठाऊक होता, आणि रस्त्याच्या तोंडावर सुरुंगाच्या वेळी लाल फडकं घेतलेला माणूस असायचा. तो कोणाला आत सोडत नसे. त्या भरवशावर ती होती.

पण शिपाई भला माणूस. दारात एकटी उभी असलेली पोर त्याला बघवली नाही. त्याने तिला सायकलवर घेतलं आणि जवळची म्हणून मागच्या पायवाटेने आणून खाणीच्या काठाशी सोडलं. दूरवर मुंगीच्या आईचं डोकं दिसत होतं. "ती बघ आई," असं म्हणून तो परतला. त्या पायवाटेला फडकंवाला माणूस नव्हता.

काकांनी शिट्टी दिली. एक लांब शिट्टी.

मुंगीची आई उठली, हातोडी कमरेला खोचली आणि बाकीच्या बायांबरोबर डंपरखाली गेली. तिच्या मनात आकडे सुरू झाले होते, ते कधीच चुकत नसत. पस्तीसला तिने सहज बाहेर पाहिलं. मोकळ्या पायवाटेवर, सुरुंग लावलेल्या कड्याच्या अगदी समोर, मुंगी उभी होती.

तिला वाटलं, आता पळेल. उंदरासारखी पळेल. सदतीस. अडतीस. मुंगी पळाली नाही. तिने दप्तर सरळ केलं. दोन्ही पाय जुळवले. मान ताठ केली. आणि उजवा हात लांब करून समोर धरला, पुढे एखादं मूल उभं असावं आणि त्याच्या खांद्यापासून अंतर घ्यावं तसा.

मुंगीच्या आईने हाक मारायला तोंड उघडलं आणि हाक आतच राहिली. हाकेला ओ द्यायची नाही. हाकेला हलायचं नाही. ते तिनेच शिकवलं होतं, आणि त्यातलं नेमकं किती विसरलंय ते कोणाला ठाऊक. ती डंपरखालून बाहेर पडली. मागून बायांनी तिच्या कपड्याला धरलं, कपडा फाटला. पंचेचाळीस. तिच्या पायांत खडी होती, खडीवर धावता येत नाही, पाय मागे सरतात. बारा वर्षं तिने स्वतःच्या हाताने फोडलेली खडी. एकदा ती पडली, गुडघे सोलले, आकडा सुटला नाही. सत्तर. वरून कोणीतरी ओरडत होतं. काका असतील, नवरा असेल. पेटलेली वात कोणालाच विझवता येत नाही. मुंगी तिला बघत होती आणि हसत होती. आई वेळेवर नाही आली, पण आली तर खरी, असं ते हसू होतं. हात मात्र तिने खाली घेतला नाही.

ब्याण्णवला तिने पोरीला गाठलं. अंगाखाली घेऊन खड्ड्यात पडली आणि तिचे कान आपल्या तळव्यांनी दाबले.

जमीन उचलली गेली. मग वरून दगड आले. एक तिच्या पाठीत बसला आणि तिचा श्वास बंद झाला. एक दप्तरावर पडला आणि डबा चेपल्याचा आवाज तिला पोरीच्या अंगातून ऐकू आला. डबाच होता का, हे तिला कळेना. धूळ खाली बसेपर्यंत तिची बघायची हिंमत झाली नाही.

लांबून रूळ वाजला. तीन ठोके. पुन्हा तीन. दोघींपैकी कोणी उठलं नाही.

मग मुंगी खालून हलली. "आई, डबा मोडला," ती म्हणाली.

मुंगीची आई गुडघ्यांवर बसली. पोरीचं डोकं, हात, पाय, पोट तिने चाचपून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. तेव्हा कुठे तिने धपाटा घालायला हात उचलला, दोन वर्षं उचलत आली होती तसाच.

"पळाली का नाहीस?"

मुंगी गोंधळली. तिचे ओठ वाकडे झाले. अख्ख्या दिवसात ती पहिल्यांदाच रडायच्या बेतात होती.

"बाई म्हणाल्या, शिट्टी झाली की पळायचं नसतं. रांगेत उभं राहायचं. आम्ही वीस वेळा केलं. मी एकदासुद्धा नाही पळाले. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या." तिने नाक पुसलं. "तूच म्हणालीस, बाईंचं ऐकायचं म्हणून."

उचललेला हात तसाच राहिला. कशासाठी मारायचं, तेच तिला कळेना. पोरीने दोन्ही वेळा सांगितलेलं ऐकलं होतं. बापही धापा टाकत येऊन पोचला होता. तो खाली बसला आणि त्याने आपले थरथरणारे हात मुंगीच्या डोक्यावर ठेवले. या वेळी ते ड्रिलने थरथरत नव्हते.

मुंगीने चेपलेला डबा दप्तरातून काढला. झाकण उघडायचा प्रयत्न केला, दात न लावता, नीट, बोटांनी. ते काही उघडेना. मग तिने मान वर करून आईकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "मग उद्या शिट्टी झाली की काय करू?"

आईला एवढंच ठाऊक होतं की उद्या शिट्टी दोन्हीकडे होणार आहे. तिने पोरीच्या हातातून डबा घेतला आणि दगडावर आपटून आपटून तो सरळ करायला लागली.